वाहनावरील चुंबकीय पाटी : निवड, वापर आणि निगा

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत नोकरीच्या जोडीला एखादा लहान व्यवसाय चालवणे आता नवलाचे राहिलेले नाही. स्थावर मालमत्तेचे एजंट, घरांची तपासणी करणारे, कर-सल्लागार, गणिताच्या किंवा तबल्याच्या शिकवण्या घेणारे, समारंभांची सजावट करणारे, फराळाचे डबे पोहोचवणारे अशा अनेकांकडे व्यवसायासाठी वेगळे वाहन नसते. सोमवारी कचेरीच्या वाहनतळावर उभी राहणारी गाडीच शनिवारी ग्राहकाच्या दारी जाते. अशा गाडीवर कायमची अक्षरे चिकटवणे गैरसोयीचे असते. म्हणून हवी तेव्हा लावता येणारी आणि काम संपल्यावर काढून ठेवता येणारी चुंबकीय पाटी हा सोयीचा पर्याय ठरतो.

मात्र या पाटीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तिला गोंद नसल्यामुळे ती गाडीच्या रंगाला अपाय करू शकत नाही, असे मानून लोक ती आठवडेच्या आठवडे दारावर तशीच ठेवतात. प्रत्यक्षात पाटीमुळे होणारे बहुतेक नुकसान ती न काढल्यामुळे होते. गाडी लीजवर घेतलेली असेल, तर ती परत करताना दारावर उमटलेला चौकोन तपासनिसाच्या नजरेतून सुटत नाही आणि त्याची भरपाई भाडेकरूच्या माथी येते. पाटी कशी चिकटते, कोठे लावावी, तिची निगा कशी राखावी आणि तिच्यासोबत कोणत्या कायदेशीर बाबी येतात, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

पाटी पत्र्याला कशी धरते

चुंबकीय पाटीचा मूळ पदार्थ म्हणजे फेराइटची भुकटी मिसळलेला लवचिक प्लास्टिक किंवा रबराचा ताव. स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम या धातूंची लोह-ऑक्साइडशी बनलेली ही संयुगे स्वस्त असतात, गंजत नाहीत आणि आपले चुंबकत्व दीर्घकाळ टिकवतात. तावाच्या दर्शनी बाजूवर व्हायनिलचा थर देऊन त्यावर मजकूर छापला जातो. मागील करडी किंवा काळी बाजू पत्र्याला टेकते.

या मागील बाजूवर उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून-पालटून काही मिलिमीटर रुंदीच्या समांतर पट्ट्यांत मांडलेले असतात. शीतकपाटावरील दोन चपटी चुंबके पाठीला पाठ लावून एकमेकांवर सरकवली, की एका दिशेने ती टपटप उड्या मारत जातात. तो या पट्ट्यांचाच परिणाम होय. चुंबकीय क्षेत्र एकाच बाजूला एकवटणाऱ्या रचनेचे सैद्धांतिक विवेचन जॉन मॅलिन्सन यांनी १९७३ मध्ये केले. पुढे तिची अधिक शक्तिशाली रूपे हालबाख रचना या नावाने ओळखली जाऊ लागली.

वापराच्या दृष्टीने या रचनेचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पट्ट्या अरुंद असल्यामुळे चुंबकीय ओढ पृष्ठभागालगत प्रबळ असते, पण अंतर वाढताच ती फार झपाट्याने घटते. पाटी आणि पत्रा यांच्यामध्ये धुळीचा थर, जुने स्टिकर किंवा पत्र्याची लहानशी उठावरेषा आली, तरी पकड लक्षणीय कमी होते. पुढे दिलेल्या बहुतेक सूचनांचे मूळ या एका गुणधर्मात आहे.

कोणत्या गाडीला पाटी चिकटत नाही

पाटीला आधार लागतो तो पोलादी पत्र्याचा. अॅल्युमिनियम, फायबरग्लास आणि प्लास्टिक यांना ती धरू शकत नाही. पूर्वी हा प्रश्न क्वचित उद्भवे. आता वजन घटवण्यासाठी उत्पादक अॅल्युमिनियमचा वापर वाढवत आहेत. फोर्डच्या एफ-१५० या लोकप्रिय पिकअप ट्रकचे बाह्यांग २०१५ च्या मॉडेलपासून अॅल्युमिनियमचे आहे. टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या गाड्यांचे बाह्यांगही मुख्यतः अॅल्युमिनियमचे आहे. शेवरोले कॉर्व्हेटचे बाह्यांग फायबरग्लास किंवा तत्सम संमिश्र पदार्थाचे असते.

एकाच गाडीतही पत्रा सर्वत्र सारखा नसतो. दारे पोलादाची, बॉनेट अॅल्युमिनियमचे आणि मागचे झाकण प्लास्टिकचे, अशी मिश्र रचना आज सर्रास आढळते. शिवाय अपघातानंतर दुरुस्ती झालेल्या दारावर लांबी किंवा पुट्टी भरलेली असेल, तर तेवढ्या भागात पकड मिळत नाही. म्हणून पाटीची मागणी नोंदवण्यापूर्वी शीतकपाटावरचे एखादे चपटे चुंबक मऊ कापडात गुंडाळून नियोजित जागेच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी टेकवून पाहावे. एखाद्या ठिकाणीही ते सैल वाटले, तर ती जागा सोडावी.

पाटीची निवड

वाहनासाठीच्या तावाची रूढ जाडी ३० मिल असते. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजेच ही जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर होते. त्याहून पातळ ताव कार्यालयातील फलकांसाठी ठीक असतो, परंतु महामार्गावरील वाऱ्याला तो पुरा पडत नाही. स्वस्त पाटी घेताना जाडी विचारून घ्यावी.

आकार ठरवताना गाडीचे दार आधी मोजावे. १२ × २४ इंच आणि १८ × २४ इंच हे आकार सर्वत्र मिळतात, पण दाराचा सपाट भाग तेवढा असेलच असे नाही. पाटीची कोणतीही कडा दाराच्या खाचेवर, हँडलखालील खोलगट भागावर किंवा शोभेच्या पट्टीवर येता कामा नये. कोपरे गोलाकार कापून घ्यावेत, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो आणि तेथूनच वारा आत शिरतो.

मजकुराबाबत सूचनाफलक व्यवसायातील एक ढोबळ नियम उपयोगी पडतो : एक इंच उंचीचे अक्षर साधारण १० फुटांवरून सहज वाचता येते. शेजारच्या मार्गिकेतील चालकाला वाचता यावे यासाठी मुख्य ओळ किमान तीन-चार इंच उंचीची हवी. नाव, कामाचे स्वरूप आणि दूरध्वनी क्रमांक किंवा संकेतस्थळ एवढाच मजकूर ठेवावा. सेवांची लांबलचक यादी चालत्या गाडीवर कोणी वाचत नाही.

देवनागरी मजकूर घालायचा असेल, तर दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी लागते. पहिली आकाराची. रोमन मोठे अक्षर ओळीची बरीचशी उंची व्यापते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांसाठी, तर खाली उकारांसाठी जागा राखावी लागते. त्यामुळे त्याच मापाचे देवनागरी अक्षर रोमन अक्षरापेक्षा लहान भासते. ते थोडे मोठे आणि ठळक घ्यावे. दुसरी गोष्ट जुळणीची. आरेखनाच्या अनेक आज्ञावलींमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी वेगळी सुरू करावी लागते. ती न केल्यास ‘दिवाळी’मधील पहिली वेलांटी ‘द’च्या मागे जाऊन बसते आणि ‘मिष्टान्न’मधील जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. येथील मुद्रकाला बहुधा देवनागरी वाचता येत नसल्यामुळे ही चूक त्याच्या लक्षात येण्याची शक्यता नसते. म्हणून मजकूर आपणच नीट जुळवून, अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करून पीडीएफ स्वरूपात द्यावा आणि छपाईपूर्वीचा नमुना स्वतः वाचल्याखेरीज संमती देऊ नये.

लावण्यापूर्वी आणि लावताना

नव्याने रंगवलेल्या गाडीवर पाटी लावण्याची घाई करू नये. रंग वरून सुकलेला दिसला तरी आतून पूर्ण कठीण होण्यास वेळ लागतो. उत्पादकांच्या सूचनांमध्ये सामान्यतः नव्या रंगासाठी ९० दिवस, वरच्या पारदर्शक थरासाठी, म्हणजे क्लिअर कोटसाठी, ६० दिवस आणि मेणाच्या पॉलिशसाठी दोन दिवस थांबण्यास सांगितलेले असते. जुन्या गाडीचा रंग पापुद्रे सुटण्याच्या अवस्थेत असेल, तर तेथे पाटी लावूच नये.

प्रथम दाराचा भाग आणि पाटीची मागील बाजू सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावी व दोन्ही पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. मग पाटी दोन्ही हातांनी धरून एक उभी कडा पत्र्याला टेकवावी आणि उरलेला भाग हळूहळू खाली सोडावा. मध्ये हवेचे फुगे राहिले, तर तो भाग उचलून पुन्हा टेकवावा. पाटी वाकडी बसल्यास ती पत्र्यावर ओढून सरळ करण्याचा मोह टाळावा. मागे अडकलेला वाळूचा एक कणही अशा वेळी क्लिअर कोटवर ओरखडा काढतो. पाटी पूर्ण उचलून नव्याने लावणे हाच योग्य मार्ग.

शेवटी चारही कडांवरून तळहात फिरवून त्या सपाट टेकल्या आहेत याची खात्री करावी. पुढील कडा, म्हणजे गाडीच्या तोंडाकडील बाजू, सर्वांत महत्त्वाची. ताशी ६५ मैलांच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत तेथे बोटभर जागा मोकळी असेल, तर वारा पाटी सोलून काढतो. महामार्गावर उडालेली पाटी मागील गाडीच्या काचेवर आदळली, तर त्यातून अपघात आणि दायित्वाचा दावा दोन्ही उद्भवू शकतात. लांबच्या प्रवासात जाहिरातीची गरज नसेल, तर पाटी काढून आत ठेवणेच श्रेयस्कर.

दैनंदिन निगा

पाटी दररोज काढावी, हा निगेचा मुख्य नियम आहे. ते अगदीच शक्य नसेल, तर आठवड्यातून एकदा तरी काढून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावेत. यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण ओलावा. पाऊस, दव किंवा धुण्याचे पाणी पाटीच्या कडांमधून आत झिरपते, पण वाऱ्या-उन्हाअभावी बाहेर पडत नाही. साचलेल्या पाण्यातील क्षार रंगावर डाग पाडतात. रंगाला आधीच बारीक चीर गेलेली असेल, तर तेथे गंज धरू लागतो.

दुसरे कारण धूळ. चालत्या गाडीत पाटीला सूक्ष्म कंप असतो. पाटी आणि पत्रा यांच्यामध्ये शिरलेले कण या कंपनाने कानसेसारखे काम करतात आणि क्लिअर कोटची चकाकी हळूहळू घालवतात.

तिसरे कारण सूर्यप्रकाश. अतिनील किरणांनी गाडीचा रंग कालांतराने फिका पडतो, मात्र पाटीखालील भाग झाकलेला राहतो. काही महिन्यांनी पाटी काढली, की तेथे मूळ रंगाचा गडद चौकोन दिसतो. लाल आणि गडद रंगांच्या गाड्यांवर हा फरक अधिक उठून दिसतो. शक्य असल्यास पाटी लावण्याची जागाही अधूनमधून किंचित बदलावी.

धुण्यासाठी सौम्य साबण आणि पाणी पुरेसे असते. थिनर, अॅसिटोन, पेट्रोल किंवा खरखरीत घासणी यांचा उपयोग करू नये. त्यांनी छपाई पुसट होते आणि तावातील बंधक द्रव्य कमकुवत होते. पाटी सपाट ठेवून सावलीत वाळवावी. गाडी स्वयंचलित धुलाईयंत्रात नेण्यापूर्वी पाटी काढायलाच हवी, कारण तेथील ब्रश आणि पाण्याचा झोत ती सहज उपटतात.

थंडी आणि ऊन

मिनेसोटा किंवा शिकागोच्या हिवाळ्यात थंड पाटी ताठर होते. अशा अवस्थेत ती पत्र्याच्या बाकाला जुळून बसत नाही आणि वाकवल्यास तिला तडे जाऊ शकतात. पाटी रात्री घरात ठेवावी आणि खोलीच्या तापमानाला असतानाच लावावी. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ पाटीमागे जाते, म्हणून या ऋतूत पुसण्यात खंड पडू देऊ नये. पाटीखाली पाणी गोठले असेल, तर ती जोराने ओढू नये. गाडी गॅरेजमध्ये उभी करून बर्फ आपोआप सुटू द्यावा.

ॲरिझोना, टेक्सास किंवा आखाती देशांतील उन्हाळ्यात अडचण उलट असते. फेराइटचे चुंबकत्व नष्ट होण्यासाठी कित्येक शे अंश तापमान लागते, तेव्हा उन्हाने पाटीचे ‘चुंबक उतरते’ ही समजूत चुकीची आहे. उष्णतेचा परिणाम होतो तो तावातील प्लास्टिकवर. ते मऊ होते, आकसते आणि रंगाला चिकटून बसू शकते. आडव्या पृष्ठभागावर ऊन सरळ पडत असल्यामुळे बॉनेट, छप्पर आणि डिकीचे झाकण या जागा टाळाव्यात. दाराचा उभा पत्राच पाटीसाठी योग्य.

साठवण

काढलेली पाटी सपाट पृष्ठभागावर, शक्यतो पोलादी कपाटाच्या किंवा शीतकपाटाच्या बाजूला लावून ठेवावी. गुंडाळणे भाग असेल, तर छापील बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळावी. छापील बाजू आत घेतल्यास व्हायनिल दाबले जाऊन सुरकुत्या पडतात. पाटी दुमडू नये आणि तिच्यावर जड वस्तू ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीच्या मागील आसनावर किंवा डिकीत ती विसरणे म्हणजे तिला कायमचा बाक देणे होय. दोन पाट्या चुंबकीय बाजू समोरासमोर येतील अशा ठेवू नयेत. हॉटेलच्या खोलीची चुंबकपट्टी असलेली कार्डेही पाटीला टेकवून ठेवू नयेत, त्यांवरील नोंद पुसली जाऊ शकते.

पाटी रंगाला चिकटल्यास

फार दिवस न काढलेली पाटी कधीकधी निघत नाही. अशा वेळी पेचकस, सुरी किंवा धातूची पट्टी वापरू नये. गाडी काही वेळ कोवळ्या उन्हात ठेवावी किंवा हेअर ड्रायरने मंद उष्णता द्यावी. कडेने साबणाचे कोमट पाणी सोडावे आणि प्लास्टिकच्या कार्डाने एका कोपऱ्यापासून सावकाश सुरुवात करावी. पाटी निघाल्यावर दिसणारे पाण्याचे डाग आणि पुसट ओरखडे क्ले बार आणि पॉलिशने बऱ्याचदा जातात. फिक्या पडलेल्या रंगातील चौकोन मात्र पॉलिशने सौम्य होतो, पूर्णपणे नाहीसा होतोच असे नाही.

कायदा, कर आणि विमा

*करवजावट.* पाटी लावली म्हणजे गाडी व्यवसायाची झाली आणि तिचा सर्व खर्च वजा करता येईल, असा समज आढळतो. अमेरिकेच्या महसूल सेवेने आपल्या प्रकाशन क्रमांक ४६३ मध्ये याबाबत स्पष्ट म्हटले आहे : गाडीवर जाहिरात लावल्याने तिचा वैयक्तिक वापर व्यावसायिक ठरत नाही. घर ते कचेरी हा प्रवास पाटी असली तरी वैयक्तिकच राहतो. पाटीची स्वतःची किंमत मात्र व्यवसायाचा जाहिरात-खर्च म्हणून दाखवता येते.

*विमा.* वैयक्तिक मोटार विम्याच्या अनेक पॉलिसींमधून मोबदला घेऊन माल किंवा माणसे पोहोचवण्याचा वापर वगळलेला असतो. अपघातस्थळाच्या छायाचित्रात दारावरची पाटी दिसली, की वापराविषयी प्रश्न उपस्थित होतो. व्यवसायाचा वापर विमा कंपनीला आधीच कळवून योग्य ते संरक्षण घ्यावे.

*व्हिसा.* आपल्या वाचकांच्या दृष्टीने ही बाब कदाचित सर्वांत गंभीर आहे. एच-१बी व्हिसाधारकाला ज्या नियोक्त्याने त्याच्यासाठी याचिका केली आहे, त्याच्याकडेच काम करण्याची मुभा असते. एच-४ व्हिसावरील जोडीदारांपैकी काहींना २०१५ पासून विशिष्ट अटींवर काम-परवाना मिळू शकतो, परंतु परवाना हाती नसताना स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. पाटी स्वतः बेकायदा नसते, पण त्यावरील नाव आणि दूरध्वनी क्रमांक हा सशुल्क काम चालू असल्याचा जाहीर पुरावा ठरू शकतो. पाटी छापण्यापूर्वी स्थलांतर-वकिलाचा सल्ला घ्यावा.

*व्यवसायविशिष्ट नियम.* स्थावर मालमत्तेच्या जाहिरातींना राज्यांचे नियम लागू होतात. टेक्सासमध्ये जाहिरातीवरील ब्रोकरचे नाव एजंटच्या सर्वांत मोठ्या संपर्क-तपशिलाच्या किमान निम्म्या आकाराचे असावे लागते. आंतरराज्य मालवाहतूक करणाऱ्या व्यावसायिक वाहनांवर कंपनीचे नाव आणि यूएसडीओटी क्रमांक दोन्ही बाजूंना, दिवसाउजेडी ५० फुटांवरून वाचता येईल असा लागतो. या अटी पूर्ण होत असतील, तर काढता येणारी पाटीही तेथे ग्राह्य धरली जाते.

*गृहसंकुलाचे नियम.* अनेक गृहसंकुल-संघटना व्यावसायिक मजकूर असलेले वाहन रात्री घरासमोर उभे करण्यास मनाई करतात. संध्याकाळी पाटी काढून ठेवण्याची सवय येथेही उपयोगी पडते.

शिकाऊ चालकांच्या पाट्या

मुले सोळा-सतरा वर्षांची झाली, की ‘नवशिका चालक’ अशा अर्थाची चुंबकीय पाटी घरात येते. अमेरिकेतील बहुतेक ठिकाणी ती ऐच्छिक असते. न्यू जर्सीत मात्र २०१० पासून लागू असलेल्या ‘कायलीज लॉ’नुसार २१ वर्षांखालील शिकाऊ आणि परिवीक्षाधीन चालकांना पुढील व मागील क्रमांकपट्टीवर लाल परावर्तक खूण लावावी लागते. दुकानातील चुंबकीय पाटी तिची जागा घेऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकाच्या गाडीला पुढे व मागे पांढऱ्या चौकोनावरील लाल ‘एल’ची पाटी आवश्यक असते. तिची चुंबकीय आवृत्ती सर्वत्र मिळते, पण प्लास्टिकच्या बंपरला ती धरत नाही. अनुभवी चालक गाडी चालवत असताना ही पाटी काढून ठेवावी, असा तेथील नियम आहे. दोन्ही देशांतील पालकांनी पाटी वाहनदिवे, क्रमांकपट्टी किंवा मागील कॅमेरा झाकत नाही, हेही पाहावे.

थोडक्यात

- मागणी नोंदवण्यापूर्वी नियोजित जागेवर चुंबक टेकवून पाहावे.
- ३० मिल जाडीचा ताव आणि गोलाकार कोपरे घ्यावेत.
- स्वच्छ, कोरड्या, सपाट, उभ्या पत्र्यावरच पाटी लावावी. ती ओढून सरकवू नये.
- दररोज, किमान आठवड्यातून एकदा, पाटी काढून दोन्ही पृष्ठभाग पुसावेत.
- धुलाईयंत्रात नेण्यापूर्वी आणि लांबच्या प्रवासाआधी पाटी काढावी.
- छापील बाजू बाहेर ठेवून, उन्हापासून दूर साठवावी.
- विमा, व्हिसा आणि परवान्याच्या अटी छपाईपूर्वी तपासाव्यात.